तक्ता पाठ, वाक्य अडलेले: इंग्रजी क्रियापदांच्या एका स्वाध्यायपुस्तिकेचे परीक्षण

सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली, इंग्रजीतील काळ आणि हमखास चुकणारी क्रियापदे एवढ्याच विषयाला वाहिलेली एक स्वाध्यायपुस्तिका गेले तीन महिने आमच्या घरात वापरात आहे. सोडवणारी माझी सातवीतली भाची आणि शेजारी बसून तपासणारी मी. पुस्तिकेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण याच साच्यातल्या आणखी दोन-तीन पुस्तिका मी या निमित्ताने चाळल्या आणि पुढे सांगितलेले गुणदोष कमी-अधिक प्रमाणात त्यांच्यातही आढळले. हिचे दोन भाग आहेत. पहिल्यात बारा काळ एकामागून एक येतात. दुसऱ्यात ज्या क्रियापदांच्या जोड्यांची मुले, आणि खरे सांगायचे तर मोठी माणसेही, गल्लत करतात त्यांचा समाचार घेतलेला आहे. दोन्ही भाग एकाच हाताने लिहिले असतील यावर विश्वास बसू नये, इतका त्यांच्या दर्जात फरक आहे.

पहिल्या भागाची सुरुवात बारा चौकटींच्या तक्त्याने होते: आडव्या ओळीत वर्तमान, भूत आणि भविष्य, उभ्या रकान्यांत साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण. तक्ता चुकीचा नाही. काटेकोरपणे पाहिले तर इंग्रजी क्रियापदाच्या अंगावर वर्तमान आणि भूत या दोनच काळांच्या खुणा उमटतात, भविष्य 'विल'सारख्या साहाय्यक क्रियापदाच्या आधाराने उभे राहते. पण शाळेच्या पातळीवर बारा घरांची ही सोय चालण्यासारखी आहे. माझी तक्रार निराळी आहे. हा तक्ता म्हणजे तीन काळ आणि चार अवस्था यांचा गुणाकार आहे, म्हणजे मुलाला प्रत्यक्षात बारा नव्हे तर सातच गोष्टी समजून घ्यायच्या आहेत, हे पुस्तिका कुठेही सांगत नाही. 'चालू' म्हणजे काय हे एकदा उमगले, की ते वर्तमानात, भूतात आणि भविष्यात सारखेच वागते. मराठी व्याकरणात साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे काळांचे उपप्रकार शिकलेल्या मुलाला तर ही कल्पना अर्धी आधीच ठाऊक असते. तरीही बारा स्वतंत्र प्रकरणे, बारा स्वतंत्र व्याख्या आणि बारा वेळा तीच ती गाळलेल्या जागांची रांग, असा सगळा मामला आहे.

या रांगेतच पुस्तिकेचा सर्वांत मोठा दोष दडलेला आहे. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एका चौकटीत खुणेचे शब्द दिले आहेत: 'यस्टरडे' दिसला की साधा भूतकाळ, 'नाउ' दिसला की चालू वर्तमानकाळ, 'एव्हरी डे' दिसला की साधा वर्तमानकाळ, 'ऑलरेडी' दिसला की पूर्ण वर्तमानकाळ, 'सिन्स' दिसला की चालू पूर्ण. पहिल्या आठवड्यात भाचीला वीसपैकी एकोणीस गुण मिळाले आणि मला पुस्तिकेचे कौतुक वाटले. मग एके दिवशी मी तिच्याकडे जरा बारकाईने पाहिले. ती वाक्य वाचतच नव्हती. डाव्या हाताचा अंगठा ओळीवरून सरकवत ती थेट शेवटच्या शब्दाकडे जात होती, तिथला 'यस्टरडे' किंवा 'नाउ' टिपत होती, परत रिकाम्या जागेकडे येऊन रूप भरत होती आणि पुढच्या ओळीकडे वळत होती. कर्ता एकवचनी आहे की अनेकवचनी, एवढ्यापुरती एक नजर मध्ये टाकायची, बस. दुसऱ्या दिवशी मी कागदाच्या पट्टीने प्रत्येक वाक्याचा कर्ता, कंसातले क्रियापद आणि शेवटचा शब्द एवढेच उघडे ठेवले आणि बाकी सगळे झाकले. दहापैकी नऊ उत्तरे बरोबर आली. वाक्यात घडले काय हे जराही न कळता जो स्वाध्याय सुटतो, तो काळाचा स्वाध्याय म्हणावा का, याचा विचार लेखकाने करायला हवा होता.

खुणेचे शब्द फसवतात, हे दाखवायला फार लांब जावे लागत नाही. 'आय वॉज स्लीपिंग ॲट टेन यस्टरडे' या वाक्यात 'यस्टरडे' आहे, पण काळ चालू भूतकाळ आहे. 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो' यात 'टुमॉरो' आहे, तरीही क्रियापद साध्या वर्तमानात आहे, कारण वेळापत्रकातली गोष्ट इंग्रजी तशीच सांगते. 'ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज' यात 'ऑलवेज' असूनही चालू वर्तमानकाळ आहे, आणि त्या चालू रूपातच बोलणाऱ्याचा वैताग भरलेला आहे. अशी चार वाक्ये प्रत्येक प्रकरणात मिसळली असती, तरी मुलांचा अंगठा जागच्या जागी थबकला असता.

पूर्ण वर्तमानकाळाचे प्रकरण मी मुद्दाम दोनदा वाचले, कारण मराठी घरातल्या मुलाची खरी परीक्षा तिथे असते. पुस्तिकेची व्याख्या अशी, की नुकतीच पूर्ण झालेली क्रिया दाखवण्यासाठी हा काळ वापरावा. उदाहरणांत मात्र, लेखकाच्या नकळत असेल, पण एक फार चांगले वाक्य येऊन गेले आहे: 'पीपल हॅव वॉक्ड ऑन द मून.' भाचीने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, "मावशी, माणूस चंद्रावर 1969 मध्ये गेला ना? मग ते नुकतेच कसे?" प्रश्न अगदी रास्त होता. माणूस चंद्रावर शेवटचा चालला त्यालाही, म्हणजे 1972 सालालाही, अर्धशतक उलटून गेले आहे. मुद्दा नुकतेपणाचा नाहीच. क्रिया केव्हा घडली याला येथे महत्त्व नसते. तिचा आजच्या क्षणाशी धागा जोडलेला आहे, एवढेच 'हॅव' सांगतो. माणूस चंद्रावर चाललेला आहे, ही गोष्ट आज आपल्या खात्यावर जमा आहे. पण त्याच वाक्यात 'इन 1969' घातले, की तो धागा तुटतो, क्रिया त्या वर्षात बंदिस्त होते आणि 'हॅव' तिथे बसत नाही. मग 'पीपल वॉक्ड ऑन द मून इन 1969' असेच म्हणावे लागते.

मराठीत असे कोणतेही बंधन नाही. 'तो चित्रपट मी मागच्या महिन्यात पाहिला आहे' हे वाक्य आपण बिनदिक्कत बोलतो, आणि ते शुद्ध आहे. म्हणूनच 'आय हॅव सीन द फिल्म लास्ट मंथ' हे मराठी मुलाच्या कानाला जराही खटकत नाही. ही चूक आळसातून येत नाही. ती मातृभाषेच्या चांगल्या ज्ञानातून येते. पुस्तिका इंग्रजी ही पहिली भाषा असलेल्या मुलांसाठी लिहिलेली असल्याने तिला या अडचणीची गंधवार्ताही नाही, आणि त्याबद्दल तिला दोष देता येत नाही. पण विकत घेणाऱ्या मराठी पालकाने हे खड्डे आपल्याला बुजवावे लागणार, हे आधीच धरून चालावे.

पूर्ण भूतकाळाचा खड्डा याहून खोल आहे. 'आम्ही काल नदीवर गेलो होतो' असे आपण म्हणतो तेव्हा त्या 'होतो'च्या पुढे-मागे दुसरी कोणतीही घटना असण्याची गरज नसते. गोष्ट संपलेली आहे, जरा मागची आहे, एवढे त्यातून कळते. इंग्रजी 'हॅड' असा एकटा उभा राहू शकत नाही. त्याला भूतकाळातलाच एखादा नंतरचा क्षण लागतो, ज्याच्या आधी ती क्रिया उरकलेली होती. पहिल्या महिन्याच्या अखेरीस मी भाचीला पुस्तिका मिटवून ठेवायला सांगितली आणि नावेतून केलेल्या सहलीवर आठ वाक्ये लिहायला लावली. पूर्ण भूतकाळाच्या स्वाध्यायात तिला पैकीच्या पैकी गुण होते. तिने लिहिलेल्या आठही वाक्यांत 'हॅड' होता: वी हॅड गॉन, वी हॅड सीन, माय ब्रदर हॅड शाउटेड, आणि असेच पुढे. एकेक रूप सुटे घेतले तर निर्दोष. एकत्र वाचले तर वाचणाऱ्याला वाटावे, की या सगळ्यानंतर काहीतरी मोठे घडले असणार आणि ते सांगायचेच राहून गेले.

असे का झाले, ते पुस्तिका उघडून पाहिल्यावर कळले. त्या प्रकरणातल्या प्रत्येक प्रश्नात दोन घटना आयत्या दिलेल्या आहेत आणि कंसात क्रियापदेही आहेत. कोणती आधीची हे ओळखून तिथे 'हॅड' लावायचा, एवढेच मुलाने करायचे असते. पण स्वतः लिहिताना पडणारा पहिला प्रश्न 'हॅड कुठे लावू' हा नसतोच. 'हॅड लावायची गरज आहे का' हा असतो, आणि तो प्रश्न पुस्तिका मुलाला एकदाही विचारत नाही. उलट 'आफ्टर शी फिनिश्ड हर होमवर्क, शी वेंट आउट' अशा वाक्यात, जिथे 'आफ्टर' या शब्दानेच क्रम स्पष्ट झालेला असल्यामुळे साधा भूतकाळ पूर्णपणे चालतो, तिथेही उत्तरसूची 'हॅड'च मागते. मुलाला अनावश्यक ठिकाणी 'हॅड' लावायची सवय पुस्तिकाच लावते, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

भविष्यकाळ मात्र घाईत उरकलेला आहे. 'विल' आणि 'गोइंग टु' यांतला फरक दोन ओळींत येतो आणि जातो. 'तो येईल तेव्हा मी सांगेन' या वाक्याचे इंग्रजी करताना 'व्हेन'च्या मागे 'विल' येत नाही, 'व्हेन ही कम्स' असे म्हणायचे असते, ही महत्त्वाची गोष्ट एका कोपऱ्यातल्या चौकटीत ढकलली आहे. 'इफ'ची तीच गत. या ठिकाणी मराठी मुलाची दुहेरी पंचाईत होते, कारण आपण 'पाऊस पडला तर जाणार नाही' असे म्हणताना उद्याच्या पावसासाठी चक्क भूतकाळाचे रूप वापरतो, आणि इंग्रजीला त्याच उद्याच्या पावसासाठी वर्तमानकाळ हवा असतो. 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' या नेहमीच्या चुकांवरचे पान ठीक आहे. 'आय ॲम हॅविंग लंच' का चालते, हेही तिथे नीट सांगितले आहे.

अनियमित क्रियापदांची यादी वर्णानुक्रमे दिली आहे, आणि हा मला निव्वळ आळस वाटतो. ही रूपे कानाने पाठ होतात, वर्णक्रमाने होत नाहीत. सिंग–सँग–संग, रिंग–रँग–रंग, ड्रिंक–ड्रँक–ड्रंक हे एका दमात म्हटले की चाल बसते. कट, पुट, हिट, शट यांची तिन्ही रूपे सारखी, म्हणून ती एका गठ्ठ्यात. कम–केम–कम आणि रन–रॅन–रन यांत पहिले रूप तिसऱ्या जागी परत येते, म्हणून त्यांचा गट वेगळा. 'ब्रिंग'ला 'सिंग'च्या चालीवर 'ब्रँग' करणारे मूल मूर्ख नसते. त्याने नियम ओळखलेला असतो, फक्त 'ब्रिंग'चे घराणे 'थिंक' आणि 'बाय' यांच्याबरोबरचे, ब्रॉट–थॉट–बॉट असे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आम्ही ती यादी कात्रीने कापली आणि चालीप्रमाणे गट लावून वहीत चिकटवली. एका दुपारचे काम होते, आणि पुस्तिकेच्या पहिल्या भागातून आम्हाला सर्वांत जास्त लाभ बहुधा त्या दुपारीच झाला. उच्चारांबद्दल पुस्तिका पूर्ण मौन पाळते. 'वॉक्ड'च्या शेवटी 'ट' ऐकू येतो, 'प्लेड'च्या शेवटी 'ड' आणि 'वॉन्टेड'च्या शेवटी पूर्ण 'इड', हे न सांगितल्यामुळे मुले 'वॉकेड' म्हणत राहतात. आणि 'रीड'चे दुसरे रूप लिहायचे तसेच पण वाचायचे 'रेड', हे तर सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्गच नाही.

आता दुसऱ्या भागाकडे वळते, आणि सूर बदलते. या भागासाठी पुस्तिका घ्यावी.

'लाय' आणि 'ले' या जोडीचे प्रकरण मी अनेक व्याकरणांत वाचले आहे, पण इतके नेमके क्वचितच पाहिले. बहुतेक ठिकाणी आधी रूपांचा तक्ता येतो आणि तिथेच मुलाचे डोळे फिरतात, कारण 'लाय' म्हणजे आडवे होणे याचे दुसरे रूप 'ले', आणि 'ले' म्हणजे ठेवणे हे स्वतंत्र क्रियापद. एकाचा काल आणि दुसऱ्याचा आज यांचा चेहरा हुबेहूब सारखा. त्यात 'लाय' म्हणजे खोटे बोलणे हे तिसरे क्रियापद, ज्याची रूपे 'लाइड' अशी सरळ चालतात. या पुस्तिकेत तक्ता पार शेवटी आहे. सुरुवात दोन चित्रांनी होते. पहिल्यात मुलगी पलंगावर आडवी झाली आहे. दुसऱ्यात ती बाहुलीला पलंगावर ठेवते आहे. चित्रांखाली एकच प्रश्न आहे: 'काय?' दुसऱ्या चित्रात त्याला उत्तर आहे, बाहुली. पहिल्यात उत्तर नाही. उत्तर असेल तर 'ले', नसेल तर 'लाय'. पान उलटले की तीच दोन चित्रे, पण खिडकीबाहेर रात्र झालेली आणि वाक्ये कालची: पहिल्याखाली 'ले', दुसऱ्याखाली 'लेड'. सापळा कुठे आहे, हे मुलाला तिथे स्वतःलाच दिसते.

मराठी मुलाला हे प्रकरण इतरांपेक्षा सोपे जायला हवे, असे मला सोडवून घेताना जाणवले. पडणे आणि पाडणे, बसणे आणि बसवणे, उठणे आणि उठवणे, निजणे आणि निजवणे ही आपली रोजची जोडी आहे. 'मी मूर्ती बसलो' असे चार वर्षांचे मूलही म्हणत नाही. इंग्रजीतही जुन्या काळी हीच सोय होती आणि तिचे अवशेष म्हणजे ही चुकणारी क्रियापदे: 'सिट' म्हणजे बसणे, 'सेट' म्हणजे बसवणे, 'लाय' म्हणजे आडवे होणे, 'ले' म्हणजे आडवे करून ठेवणे, 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे पाडणे. हा 'फेल' नापास होण्यातला नव्हे. झाड पाडताना वापरतात तो. गंमत अशी, की 'फॉल'चे दुसरे रूपही 'फेल'च आहे, म्हणजे 'लाय' आणि 'ले' यांच्यातला सापळा येथेही जसाच्या तसा मांडलेला आहे. 'राइज' आणि 'रेज' हीही याच वळणाची जोडी: सूर्य स्वतः वर येतो म्हणून 'राइजेस', हात आपण वर करतो म्हणून 'रेज'. सूर्य मावळतो तेव्हा मात्र काही बसवत नसतानाही 'सेट्स' म्हणतात, आणि हा अपवाद पुस्तिकेने लपवलेला नाही, उलट 'येथे नियम मोडतो' असे प्रामाणिकपणे लिहिले आहे. मुलांना अशी कबुली फार आवडते.

एक अडचण मात्र मराठीच्या बाजूनेही आली. 'पुस्तक टेबलावर पडले आहे' याचे इंग्रजी भाचीने 'द बुक हॅज फॉलन ऑन द टेबल' असे केले. आपले 'पडणे' खाली येणे आणि नुसते असणे या दोन्हींना पुरते. इंग्रजीला येथे 'इज लाइंग' हवे. हा फरक कळल्यावर तिने घरभर फिरून कोणत्या वस्तू 'लाइंग' आहेत याची तोंडी यादी केली, आणि तिच्या खोलीत ती यादी अंमळ लांबली.

बाकीच्या जोड्यांत 'ब्रिंग' आणि 'टेक' मराठीत आणणे आणि नेणे असे अचूक बसतात, 'टीच' आणि 'लर्न' शिकवणे आणि शिकणे असे. त्यांना आम्ही प्रत्येकी पाच मिनिटेही दिली नाहीत. 'बॉरो' आणि 'लेंड' अडतात, कारण आपल्याकडे दोन्हीकडे 'उसने' असते आणि घेणे-देणे त्याच्या मागून येते. 'कॅन यू बॉरो मी युअर पेन' ही चूक नेमकी त्यामुळे होते. 'से' आणि 'टेल' यांची पाने उत्तम आहेत: ज्याला सांगितले तो लगेच मागे यायचा असेल तर 'टेल', नसेल तर 'से', म्हणून 'ही सेड मी' चूक आणि 'ही टोल्ड मी' बरोबर. 'सी', 'लुक' आणि 'वॉच' या तिघांना आपण पाहणे या एकाच क्रियापदात गुंडाळतो, आणि 'हिअर' व 'लिसन' या दोघांना ऐकणे या एकात; येथे पुस्तिकेतली उदाहरणे कमी पडली, मला आणखी घालावी लागली.

काही पाने आपल्या मुलांच्या दृष्टीने वाया गेली आहेत. 'शुड हॅव' ऐवजी 'शुड ऑफ' लिहिणे ही ज्यांनी इंग्रजी आधी कानाने आणि मग डोळ्यांनी शिकले त्यांची चूक आहे; आपली मुले इंग्रजी बहुधा लिखाणातून शिकतात, त्यामुळे ही चूक त्यांच्या स्वप्नातही येत नाही. याउलट आपण परीक्षा 'देतो' म्हणून 'आय गेव्ह ॲन एक्झाम' लिहितो, दिवा 'बंद करतो' म्हणून 'क्लोज द लाइट' म्हणतो, आणि विषया'बद्दल' चर्चा करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहितो, यांपैकी एकाचाही उल्लेख येथे नाही. परदेशी पुस्तिकेकडून ही अपेक्षा करू नये हे मान्य. पण मग आपल्याकडे कोणीतरी असे पान लिहायला हवे, ही खंत उरतेच.

उत्तरसूचीबद्दल कडक शब्दांत लिहावे लागेल. 'लाय' आणि 'ले' यांच्याच प्रकरणात, इतक्या सुरेख मांडणीनंतर, उत्तरसूची 'द डॉग हॅज लेड अंडर द टेबल ऑल मॉर्निंग' हे बरोबर म्हणून छापते. कुत्रा काय ठेवून बसला होता सकाळभर? हवे होते 'लेन'. भाचीने 'लेन' लिहिले होते आणि उत्तर पाहून खोडले होते. ते खोडलेले पाहून मला पुस्तिकेचा राग आला. दुसरा दोष हटवादीपणाचा. 'आय जस्ट फिनिश्ड' हे अमेरिकन इंग्रजीत सहज चालते, ब्रिटिश वळणात 'आय हॅव जस्ट फिनिश्ड' अधिक रूढ आहे. सूची पहिले चूक ठरवते आणि कारण देत नाही. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन...' या वाक्यात 'हॅड लेफ्ट', 'वॉज लीव्हिंग' आणि 'लेफ्ट' ही तिन्ही रूपे व्याकरणाला धरून आहेत आणि तिघांची गोष्ट निरनिराळी आहे: एकीत गाडी चुकली, दुसरीत ती डोळ्यांदेखत हलत होती, तिसरीत आपण पोहोचलो आणि ती सुटली. काळ शिकवायला याहून चांगले वाक्य मिळणार नाही. सूचीत मात्र एकच उत्तर आहे आणि त्यापुढे पूर्णविराम.

पुस्तिकेच्या शेवटची काही पाने तिची खरी कमाई आहेत. येथे गाळलेल्या जागा नाहीत. एखाद्या मुलाने लिहिलेले पत्र, प्रयोगाचा अहवाल, गोष्टीचा तुकडा असे परिच्छेद दिले आहेत. त्यांत काळाच्या आणि क्रियापदांच्या चुका पेरल्या आहेत, काही ठिकाणी किती आहेत हेही सांगितलेले नाही, आणि काही संशयास्पद दिसणारी वाक्ये मुद्दाम बरोबर ठेवली आहेत. अंगठा सरकवून हे सुटत नाही. सबंध परिच्छेद वाचावा लागतो, गोष्ट कोणत्या काळात चालली आहे हे धरून ठेवावे लागते आणि ती विनाकारण कुठे घसरली ते शोधावे लागते. पहिल्या परिच्छेदात भाचीला निम्म्याहून कमी चुका सापडल्या आणि दोन बरोबर वाक्येही तिने बिघडवली. शेवटच्या परिच्छेदात एक चूक निसटली. एवढी प्रगती पहिल्या भागातल्या सगळ्या रकान्यांनी मिळून केली नव्हती.

म्हणून ज्यांना ही किंवा अशी पुस्तिका घ्यायची आहे त्यांनी माझ्या मते ती मागून पुढे वापरावी: आधी क्रियापदांच्या जोड्या, मग परिच्छेद, आणि जिथे मूल अडेल त्या काळाचे प्रकरण तेवढे पहिल्या भागातून काढून. खुणेच्या शब्दांच्या चौकटीवर कागद चिकटवावा. उत्तरसूची मुलाच्या हाती देऊ नये, आणि मोठ्यांनीही ती शंका घेतच वाचावी. शेजारी बसायला कोणी नसेल, तर मात्र एकट्या मुलाच्या हाती ही पुस्तिका देऊन फार काही साधेल असे वाटत नाही.

गेल्या आठवड्यात नावेच्या सहलीवरची ती जुनी आठ वाक्ये मी काही न बोलता भाचीसमोर ठेवली. तिने लाल पेन्सिल घेतली आणि एकेक 'हॅड' खोडत गेली. 'हॅड गॉन'चे 'वेंट' झाले, 'हॅड सीन'चे 'सॉ' झाले. सातव्या वाक्यापाशी ती थांबली. 'आय हॅड नेव्हर सेट इन अ बोट बिफोर.' बराच वेळ पेन्सिल त्या 'हॅड'वर टेकलेली होती. मग तिने 'हॅड' तसाच ठेवला, 'सेट' खोडून त्यावर 'सॅट' लिहिले आणि आठव्या वाक्याकडे वळली.